मृणालताईंची आमदारकी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी माझी एखादी पाककृती असते. ह्या खेपेस चिटणीसबाई म्हणाल्या, "कडबोळी पुरे झाली, इतिहासाचे काही लिहा." मी म्हटले, "अहो बाई, मी सातवी शिकलेली. माझ्या हातून इतिहास काय लिहिला जाणार?" त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, वाचनालयातली दोन पुस्तके आणि जुन्या अंकांचा एक गठ्ठा माझ्या पिशवीत टाकला. शिवाय घरात सासूबाई आहेतच. तेव्हा पुस्तकांतले थोडे आणि सासूबाईंच्या तोंडचे थोडे असे मिळून हे लिहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आमच्या फडताळात एक पितळी थाळी आहे. तिच्या काठाला पाचसहा पोचे आलेले आहेत. लग्न होऊन ह्या घरी आले तेव्हा मला वाटले, भांडे जुने झाले, मोडीत द्यावे. तसे बोलूनही दाखविले. सासूबाई एरवी शांत, पण त्या दिवशी ताडकन म्हणाल्या, "अगं, ते पोचे लाटण्याचे आहेत. माझ्या हातचे आहेत. त्या थाळीला हात लावू नकोस." ती थाळी घेऊन त्या मृणालताई गोऱ्यांच्या मोर्चात गेल्या होत्या. मृणालताईंचे नाव मी ऐकले होते, पण त्या नक्की कोण, त्यांनी काय केले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. 'पाणीवाली बाई' एवढेच माहीत. पुष्कळ भगिनींचे तसेच असेल, म्हणून हा विषय घेतला.

मृणालताई माहेरच्या मोहिले. जन्म २४ जून १९२८. हुशार म्हणून डॉक्टरीच्या शिक्षणाला गेल्या; पण राष्ट्र सेवा दलाचे वारे लागले, आणि डॉक्टरी अर्धी टाकून त्या समाजवादी चळवळीत उतरल्या. १९४८ साली त्यांनी केशव गोरे ह्यांच्याशी लग्न केले. सगळे त्यांना बंडू गोरे म्हणत. विवाह जातीबाहेरचा होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केले आणि तिथेच कामाला सुरुवात केली. तिथे त्यांनी महिला मंडळ काढले, कुटुंबनियोजनाचे केंद्र चालविले. भगिनींनो, इतक्या मोठ्या बाईची सुरुवात आपल्यासारख्याच एका मंडळापासून झाली, हे वाचून मला फार बरे वाटले. गोरेगावात तेव्हा ग्रामपंचायत होती. त्या पंचायतीवर मृणालताई निवडून गेल्या. पुढे १९५७ साली गोरेगाव बृहन्मुंबईत सामील झाले आणि पंचायत गेली.

लगेच दुसऱ्या वर्षी, १९५८ साली, बंडू गोरे वारले. मृणालताई तिशीतल्या, पदरी लहान मुलगी. अशा वेळी बाईने घराचे दार लावून घेतले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. उलट दार उघडे ठेवले तरच लोक बोलायचे. मृणालताईंनी काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या.

आता पाण्याचे सांगते, कारण त्यांची ओळख पाण्याने झाली.

मुंबईला नळाचे पाणी आले ते आधी विहार तलावाचे, १८६० साली. मग तुळशीचे, १८७९ साली. त्यानंतर तानसा, १८९२. पहिले दोन तलाव कुठे आहेत? आपल्या ह्या उपनगरांच्या मागच्या डोंगरात. म्हणजे पाणी आमच्या उशाशी, आणि नळ मात्र खाली शहरात! उपनगरे मागाहून वाढली. कारखाने आले, चाळी उठल्या, झोपड्या झाल्या. पण माणसे आली तेवढ्या नळवाहिन्या आल्या नाहीत. झोपडपट्टीला तर पाणी देणेच नियमात बसत नसे. राहाणेच बेकायदा, मग पाणी कसले द्यायचे, असा हिशेब. मृणालताईंचे म्हणणे असे, की जागा कायदेशीर की बेकायदेशीर हे तुम्ही सावकाश ठरवा, तहान तोवर थांबत नाही. त्यांनी बायकांना बरोबर घेतले, रिकामे हंडे-कळशा घेऊन मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना वेढे घातले. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. त्यातून नळ आले, आणि लोकांनी नाव दिले 'पाणीवाली बाई'.

सासूबाई सांगतात, त्या नव्या नवरी होत्या तेव्हा चाळीस बिऱ्हाडांत एक नळ. पहाटे तीनला पाणी यायचे. रात्री हंड्यांची रांग लावून ठेवायची आणि हंडा कोणी मागे सारू नये म्हणून एकीने जागायचे. गर्भारपणातसुद्धा सुटका नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल करावयाची आहे. सहासात वर्षांपूर्वी आपल्या गल्लीचे पाणी अगदी बारीक झाले होते, आठवत असेल. मंडळाच्या पंधरावीस जणी अर्ज घेऊन कचेरीत गेल्या होत्या. मी गेले नाही. घरी पाहुणे आहेत असे सांगितले. पाहुणे नव्हते. भीती वाटली, आणि 'ह्यांना' आवडणार नाही असेही वाटले. सासूबाई दारात बसून मला एवढेच म्हणाल्या, "मी दोन महिन्यांचे पोर काखेत घेऊन गेले होते." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण त्या दिवशी भरलेले पाणी मला पिववेना. असो. मृणालताईंकडे वळते.

१९७२ साली त्या समाजवादी पक्षाकडून विधानसभेवर निवडून आल्या. तो काळ लक्षात घ्या. नुकतेच बांगलादेशचे युद्ध जिंकलेले, सगळीकडे इंदिराबाईंचे नाव. महाराष्ट्र विधानसभेच्या २७० जागांपैकी २२२ एकट्या काँग्रेसने घेतल्या. अशा लाटेत विरोधी पक्षाची एक बाई उपनगरातून निवडून येते, ती नळाच्या पुण्याईवर, दुसरे काय!

त्याच साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य मिळेना, रॉकेल, गोडेतेल, साखर रेशनवर येईना आणि काळ्या बाजारात परवडेना. सप्टेंबर १९७२ मध्ये मुंबईत बायकांची एक समिती झाली, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. तिच्यातली 'संयुक्त' ही अक्षरे महत्त्वाची आहेत. मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, ताराबाई रेड्डी कम्युनिस्ट. ह्यांचे पुरुष सहकारी सभांतून एकमेकांवर तुटून पडत, आणि ह्या बायका एका गाडीत बसून सभेला जात. पक्ष वेगळे असले तरी चूल एकच, हे त्यांना उमजले होते. त्यांनी झेंडे घरी ठेवले आणि निशाण म्हणून लाटणे उचलले. हजारो बायका थाळी आणि लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजविल्या. मोर्चाला जाणे जिला जमत नसे ती खिडकीत उभी राहून वाजवी. म्हणजे घर न सोडताही बाई चळवळीत आली. ही युक्ती ज्या कोणा बाईच्या डोक्यातून निघाली तिला माझा नमस्कार. आमच्या थाळीचे पोचे ते हेच.

त्याने महागाई गेली का? नाही गेली. हे खरे ते सांगावे. भाव काही मोर्चाने उतरत नाहीत. पण सणासुदीला रेशनवर तेल, रवा, साखर आली, दुकानदार मापात देऊ लागला, आणि साठेबाजाला बायकांचे भय पडले. सासूबाई म्हणतात, "आधी वाण्याशी बोलताना मान खाली असायची. मग वर झाली." मला विचाराल तर हा मोठा पालट होय.

आमदार म्हणजे नक्की काय करतो, हे मला ह्या वाचनाआधी सांगता आले नसते. मला वाटे, आमदार म्हणजे गणपतीला वर्गणी देणारा आणि सत्यनारायणाला येणारा माणूस. तसे नाही. विधानसभेत आमदाराच्या हाती काही आयुधे असतात. एक 'तारांकित प्रश्न': सरकारला आधी लिहून विचारायचे, मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे, आणि उत्तर अपुरे वाटले तर तिथल्या तिथे उलट विचारायचे. दुसरी 'लक्षवेधी सूचना': काही तातडीचे घडले की मंत्र्याचे लक्ष तिकडे ओढायचे. आणि तिसरे 'अशासकीय विधेयक', म्हणजे मंत्री नसलेल्या साध्या आमदाराने स्वतः कायद्याचा मसुदा मांडणे. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, कारण मते सरकारकडे असतात. पण मांडले की चर्चा होते, वर्तमानपत्रात येते, सरकारला काहीतरी बोलावे लागते. आपण नाही का, घरात सरळ मागून मिळाले नाही तर पाहुण्यांसमोर विषय काढतो! मृणालताई ह्या आयुधांत निष्णात होत्या. मोर्चात ऐकलेले गाऱ्हाणे त्या सभागृहात नेत, आणि सभागृहात मिळालेले उत्तर परत मोर्चात आणून सांगत. बाहेरचे आणि आतले असे दोन वेगळे राजकारण त्यांनी केले नाही.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एकांतात ठेवले. मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा जनता पक्षाकडून त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, आणि तिकडे रायबरेलीत इंदिराबाई पडल्या. त्या वेळची घोषणा आजही जुनी माणसे हसत हसत सांगतात: "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!" मोरारजीभाईंनी त्यांना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. त्यांनी घेतले नाही. ह्यावर आमच्या घरी वाद झाला. 'हे' म्हणाले, "घ्यायला हवे होते; सत्ता हाती असली तर किती दवाखाने काढता आले असते." मलाही क्षणभर तसेच वाटले. सासूबाईंचे मत वेगळे: "मंत्री झाल्या असत्या तर हंडा घेऊन कोणाच्या दारात गेलो असतो? त्यांच्याच?" दोन वर्षांत जनता सरकार पडले, तेव्हा मंत्रिपदाचे काय झाले असते कोण जाणे. मी अजून ठरविलेले नाही.

दिल्लीहून परतल्यावर त्यांनी घरांचा प्रश्न धरला. १९७६ साली शहरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा झाला होता. कोणाकडे मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारने घ्यावी आणि गरजूंच्या घरांसाठी वापरावी, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात जमिनी सूट मागून मागून सुटत होत्या. मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबुराव सामंत ह्यांनी नागरी निवारा परिषद काढली, कज्जे केले, आंदोलने केली, आणि शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या जागेवर सहा हजारांवर घरे उभी राहिली. कामगार, कारकून, मास्तर अशांची घरे. आपल्या मंडळातल्या एका भगिनीचे माहेर तिथलेच आहे. मुंबईत साध्या माणसाला पागडीवाचून आणि दलालावाचून हक्काची भिंत मिळाली, हे आज सांगितले तर कोणी खरे मानणार नाही.

१९८५ साली त्या पुन्हा आमदार झाल्या. ह्या पाच वर्षांवर मी थोडे अधिक लिहिणार आहे.

१९८६ च्या सुरुवातीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी भेसळ होती. ह्या प्रकरणी विधानसभेत आवाज उठविणाऱ्यांत मृणालताई होत्या. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांचा चौकशी आयोग बसला, आणि त्याच्या अहवालानंतर १९८८ साली आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. मेलेली माणसे परत आली नाहीत, पण औषध कोणाकडून घेतात, तपासतात की नाही, हे सारे चव्हाट्यावर आले.

आणि दुसरी गोष्ट गर्भलिंगचाचणीची. गर्भात काही दोष आहे का हे पाहाण्यासाठी निघालेली गर्भजलाची तपासणी; पण तिचा उपयोग 'मुलगा की मुलगी' एवढ्यासाठीच होऊ लागला. मुंबईत गल्लोगल्ली तशा पाट्या लागल्या. मुलगी म्हटले की गर्भ पाडायचा. त्या वेळी एक आकडा सगळीकडे छापून आला होता: अशा चाचणीनंतर केलेल्या ८,००० गर्भपातांपैकी ७,९९९ मुलींचे. मी तो आकडा दोनदा वाचला. मला वाटले छपाईची चूक असेल.

स्त्रियांच्या संघटना, काही डॉक्टर, शास्त्रज्ञ असे लोक ह्याविरुद्ध एकत्र आले. मृणालताईंनी विधानसभेत अशा चाचण्यांवर बंदी घालणारे अशासकीय विधेयक आणले. डॉक्टरी अर्धी सोडलेल्या बाईने ते आणावे ह्यात मला योग दिसतो; शरीरशास्त्र सांगून त्यांना कोणी गप्प करू शकत नव्हते. विरोधकांचे म्हणणे काय होते? की चार मुलींच्या आईला पाचवीपासून वाचविले तर बिघडले कुठे. मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. किंमत! बाजारातल्या वांग्यांची वाढते तशी. अखेर सरकारने स्वतःचा कायदा आणला, आणि १९८८ साली गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली झाला.

कायदा झाला म्हणजे संपले असे नाही. शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली किती, हे जनगणनेत सापडते. १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. कायद्यानंतर आकडा चढायचा तो उतरला. हे लिहिताना हात थांबला. कारण ह्या आकड्यांत उणे झालेल्या मुली कुठे दूर नव्हत्या. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी नात्यातल्या एका बाईने मला हळूच एक पत्ता दिला होता. "पहिली मुलगी आहे ना, मग पाहून घे," असे म्हणाली. मायेनेच म्हणाली, तिचे वाईट मन नव्हते. मी तो कागद उशीखाली दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना दाखविला. त्यांनी तो चुलीत घातला आणि म्हणाल्या, "ह्याला बंदी आहे. आमच्या मृणालताईंनी आणलेली." कायदा, त्याचे कलम, त्याचे साल त्यांना काही ठाऊक नव्हते. मला जी दुसरी मुलगी झाली ती आता बारावीला आहे, आणि हा लेख तिनेच शुद्धलेखन तपासून लिहून काढला आहे.

डिसेंबर १९८८ पासून साधारण दहा महिने मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. हे पद महाराष्ट्रात त्यांच्या आधी प्रतिभाताई पाटील ह्यांनाही मिळाले होते. १९९० साली त्यांची आमदारकी संपली. हिशेब केला तर आयुष्यातली साठाहून अधिक वर्षे सार्वजनिक कामात, त्यांतली विधानसभेतली फक्त दहा. मंत्री एकदाही नाही. पुढेही त्या गप्प बसल्या नाहीत, एन्‌रॉनच्या विरोधात उतारवयात रस्त्यावर आल्या. गोरेगावात केशव गोरे स्मारक आणि अडचणीतल्या स्त्रियांसाठी स्वाधार, ही कामे त्यांच्या मागे आहेत.

१७ जुलै २०१२ रोजी त्या वारल्या. वय चौऱ्याऐंशी. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे. आम्ही एकदा त्यावरून रिक्षाने गेलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुलाला दिले? जलाशयाला द्यायचे होते." रिक्षावाला हसला, पण त्या हसल्या नाहीत.

आपल्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ती थाळी मी मांडणार आहे. सासूबाईंनी परवानगी दिली आहे, आणि त्या स्वतःही टेबलाशी बसणार आहेत. ज्यांना मोर्चाचे विचारायचे असेल त्यांनी त्यांनाच विचारावे. कानाला थोडे कमी ऐकू येते, तेव्हा मोठ्याने बोलावे. मांडणी करणाऱ्या भगिनींना एकच विनंती आहे, की थाळी चिंचेने घासली तरी चालेल, पण कोणी ती ठोकून सरळ करू नये.